गुरुवारची सुई

फ्रीजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी
फिलोमिना तिचं पेन ठेवते.
निळं टोपण. आत शाई नाही.
दर गुरुवारी रात्रीच्या बातम्या संपल्या की
पोटाची एक चिमूट धरते
आणि खिडकीबाहेर बंदरातले दिवे मोजते.
दहापर्यंत मोजायचं, असं नर्सनं सांगितलंय.
बंदरात आता दहा दिवे नसतात.
शेवटचे तीन ती मनानेच लावते.

मी तिची धाकटी, ब्रायडी.
मी चालते.
पहाटे, वाऱ्याच्या तोंडावर, दीपगृहापर्यंत आणि परत,
बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून,
कारण न्यूफाउंडलंडचा रस्ता मार्चमध्येही काचेचा असतो.
पांढरा पाव सोडला. काकवीचे बन सोडले.
खारवलेलं मांस रविवारपुरतं.
दोन वर्षांत अकरा किलो.
तिचे सात महिन्यांत एकोणीस.

हिशेब मी करत नाही. म्हणजे, करते.
मासळीच्या बंद कारखान्यात अजून तो काटा आहे
ज्यावर आई कॉडच्या पेट्या तोलायची.
किल्ली लिअँडरकडे असते.
महिन्यातून एकदा आम्ही दोघी त्यावर उभ्या राहतो,
बूट काढून, गारठून,
एकमेकींचा आकडा बघायचा नाही असं ठरवून.

गावाचं मत तयार आहे.
चर्चच्या तळघरात, चहाच्या मोठ्या किटलीपाशी
मला म्हणतात, तू खरी कष्टाची.
तिच्यामागे म्हणतात, सुईनं काय, कोणीही.
मी "तसं नाही हो" म्हणते,
जरा हळू.
आणि ते हळू म्हणणं मला घरापर्यंत गोड लागतं.
साखर सोडून दोन वर्षं झाली.

एकदा विचारलं तिला, कसं वाटतं गं?
भांडी विसळत होती. म्हणाली, "शांत.
आठवतं, पेट्या उतरायच्या तेव्हा धक्क्यावर
कुरव पक्षी कसा कल्ला करायचे?
तसं होतं माझ्या डोक्यात, उठल्यापासून.
पावाचं टोक, कालचा बटाटा, पोरीच्या ताटातलं उरलेलं.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच डोक्यात असतं.
आणि एका गुरुवारी ते उडून गेले.
पीससुद्धा मागे नाही."

मी गप्प.
माझे आहेत ना अजून.
दीपगृहापर्यंत येतात, डोक्यावर घिरट्या घालत,
परतताना जास्तच.
मी त्यांना खायला घालत नाही, इतकंच.
याला निग्रह म्हणतात म्हणे.
काही सकाळी तो असतोही.
काही सकाळी नुसती मी असते, भुकेली,
आणि डोळ्यांतलं पाणी वाऱ्याच्या नावावर खपतं.

तिचंही सगळं सरळ नाही.
उलट्या. न्हाणीच्या जाळीत लाल-करडे केस.
आईच्या हातचा असायचा तसा मासे-बटाट्याचा रस्सा
चमच्यात घेऊन ती बसते
आणि मलाच विचारते, "चांगला झालाय का?"

मग फेब्रुवारीत विमा कंपनीचं पत्र आलं.
एक पान. "खेद" हा शब्द दोनदा.
महिन्याच्या पेनाला लागणारे पैसे म्हणजे
अख्ख्या हिवाळ्याचं अर्धं तेल.
शेवटचं पेन तिनं टिकटिक मोजत, अर्धं अर्धं करून पुरवलं.
ते संपल्यानंतरच्या चौथ्या गुरुवारी रात्री फोन.
"ब्रायडी, ते परत आलेत."
कोण, हे मी विचारलं नाही.

पहाटे ती माझ्या फाटकाशी.
नवऱ्याचा कोट, बुटांना पट्टे नाहीत.
मी माझा एक काढून दिला.
तशाच चाललो,
दोघींचा एकेक पाय घट्ट, एकेक निसरडा.
वळणावर ती थांबली, धापा टाकत.
"तू हे ऐकत रोज चालतेस?"
"रोज."
"आणि मला कधी बोलली नाहीस."

काय बोलणार होते?
तिच्या शांततेवर मी जळत होते
आणि ती, हे तेव्हा कळलं, माझ्या पायांवर.

सोमवारी विमावाल्यांना उत्तर लिहायला बसलो.
अक्षर माझं, मजकूर तिचा.
"मी आळशी नाही," हे तिचं पहिलं वाक्य.
मी लिहिलं.
मग तिनंच खोडायला लावलं.
चहा निवत होता, बिनसाखरेचा.
बाहेर कुंपणाच्या खांबावर एक खराखुरा कुरव
आमच्याकडे बघत होता,
की खिडकीतल्या पावाकडे.